वाचकांचे प्रश्न : त्रैक्याचे व्याकरण

ख्रिस्ती धर्मातील त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धान्त, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ख्रिस्ती धर्म स्वतःला एकेश्वरवादी म्हणवतो आणि त्याच वेळी तिघांना देव म्हणतो. एक अधिक एक अधिक एक म्हणजे तीन, हे शाळकरी मुलालाही कळते. मग हे तीन देव आहेत, की एकाच देवाची तीन नावे?

आपण सुचवलेले दोन्ही पर्याय चर्चने फार पूर्वीच नाकारले आहेत, आणि त्रैक्याचा सिद्धान्त म्हणजे बव्हंशी या दोन नकारांचीच नोंद आहे. तो सात छोट्या वाक्यांत मांडता येतो : पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे, पिता हा पुत्र नव्हे, पुत्र हा पवित्र आत्मा नव्हे, पवित्र आत्मा हा पिता नव्हे, आणि देव एकच आहे. तेराव्या शतकापासून युरोपातील हस्तलिखितांत हाच आशय ढालीच्या आकाराच्या आकृतीत रेखलेला आढळतो. तीन कोपऱ्यांत तीन नावे, मध्यभागी ‘देव’, कोपऱ्यांना मध्याशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर ‘आहे’ आणि कोपऱ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर ‘नव्हे’. सातांपैकी कोणतेही एक वाक्य गाळले की सिद्धान्त सोपा होतो; अडचण एवढीच की मग तो हा सिद्धान्त उरत नाही.

आता गणिताकडे येऊ. संख्यावाचक शब्दाला नाम लागते. नुसते ‘तीन’ म्हणून काही मोजता येत नाही. ‘देव एक आहे आणि देव तीन आहेत’ असे कोणी म्हटले असते, तर ती उघड विसंगती झाली असती. चर्चचे म्हणणे असे की सत्त्व, म्हणजे देवपण, एक आहे आणि व्यक्ती तीन आहेत. ‘एक’ ज्या नामाला लागतो, त्याला ‘तीन’ लागत नाही. मात्र एवढ्याने शंका मिटत नाही, हे मान्य केले पाहिजे. तीन माणसांचे माणूसपणही एकच असते, तरी आपण त्यांना तीन माणसेच म्हणतो. मग देवपण एक असताना तीन देव का म्हणू नयेत? चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरी या बिशपाला हाच प्रश्न पत्राने विचारण्यात आला होता आणि त्याचे लेखी उत्तर आजही उपलब्ध आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तीन शेतकरी एकच काम करत असले, तरी प्रत्येकाचे काम त्याचे स्वतःचे असते, त्याने आपापला तुकडा नांगरलेला असतो, म्हणून आपण त्यांना वेगळे मोजतो, देवाचे मात्र कोणतेही कार्य असे वाटून घेतलेले नाही, ते पित्यापासून निघते, पुत्राद्वारे चालते आणि पवित्र आत्म्यात पूर्णत्वास जाते. शेतकऱ्यांचा दाखला माझा आहे, युक्तिवाद ग्रेगरीचा. कार्य एक, म्हणून कर्त्याला अनेकवचन नाही.

तर्कशास्त्राचा अभ्यासक यापुढेही थांबणार नाही. त्याचा आक्षेप ‘आहे’ या शब्दावर असेल. मराठीत ‘आहे’ किमान दोन कामे करतो. ‘सूर्य हा तारा आहे’ या वाक्यात तो एखाद्या वस्तूला वर्गात बसवतो. ‘पहाटे दिसणारी चांदणी म्हणजेच संध्याकाळी दिसणारा शुक्र आहे’ यात तो दोन नावांची वस्तू एकच असल्याचे सांगतो. ‘पुत्र देव आहे’ यातील ‘आहे’ पहिल्या प्रकारचा मानला, तर देव नावाच्या वर्गात तीन सभासद होतात. दुसऱ्या प्रकारचा मानला, तर पिता आणि पुत्र एकमेकांत विरून जातात. चर्चला यांपैकी काहीच मान्य नाही. देवपण हा अनेक सभासदांचा वर्ग नाही आणि तिघांपैकी कोणा एकाचे दुसरे नावही नाही, असा त्याचा आग्रह आहे. हा तिसरा ‘आहे’ नेमका कसा चालतो, यावर तत्त्वज्ञ आजही वाद घालतात. माझ्या मते येथे वाद संपल्याचा आव आणणारा प्रवचनकार आणि येथे सरळ मूर्खपणा आहे असे म्हणणारा टीकाकार हे दोघेही घाई करतात.

‘व्यक्ती’ या शब्दाविषयीही सावध राहावे लागते. आज आपण व्यक्ती म्हणतो तेव्हा स्वतंत्र मन, स्वतंत्र इच्छा आणि स्वतंत्र देह असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि तसे तिघे कल्पिले की तीन देव झालेच. याउलट मूळ संस्कृत अर्थाने व्यक्ती म्हणजे प्रकट होणे. तो अर्थ धरला, तर एकच देव तीन प्रकारे प्रकट झाला, असे वाटू लागते. लॅटिन भाषेत तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने ‘पेर्सोना’ हा शब्द वापरला, त्याचा एक जुना अर्थ नटाचा मुखवटा असा होता. ग्रीकांचा ‘हिपोस्टॅसिस’ तर आणखी अडचणीचा होता, कारण 325 मध्ये नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या निर्णयात तो ‘सत्त्व’ या अर्थाच्या ‘ऊसिया’ शब्दाचा समानार्थी म्हणून आला आहे, आणि पुढे काही दशकांतच ‘ऊसिया एक, हिपोस्टॅसिस तीन’ हे प्रमाणसूत्र झाले. दरम्यान 362 मध्ये अलेक्झांड्रियात एक सभा भरली. तेथे ‘एक हिपोस्टॅसिस’ म्हणणाऱ्यांना आणि ‘तीन हिपोस्टॅसिस’ म्हणणाऱ्यांना, तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे, असे विचारण्यात आले. दोघांचा आशय एकच निघाला. ऑगस्टीन या लॅटिन धर्माचार्याने पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले, की आपण ‘तीन व्यक्ती’ म्हणतो ते तो शब्द नेमका आहे म्हणून नव्हे, तर अगदीच गप्प बसावे लागू नये म्हणून.

प्रश्न : आम्हाला शिकवताना पाणी, बर्फ आणि वाफ यांचे उदाहरण देत असत. ते बरोबर आहे का?

उदाहरण सोपे आहे, आणि त्यातली चूकही जुनी आहे. तेच पाणी आधी बर्फ असते, मग पाणी होते, मग वाफ. म्हणजे एकच वस्तू पाळीपाळीने तीन रूपे घेते. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस नावाच्या शिक्षकाशी जोडले गेलेले मत हेच होते, आणि चर्चने ते नाकारले. नाकारण्याचे कारण शुभवर्तमानातच आहे. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आठवावा : पुत्र पाण्यातून वर येत आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे आणि पित्याची वाणी आकाशातून येत आहे. एकाच घटकेला तिघेही तेथे आहेत. पाळीपाळीचा हिशेब धरला, तर ‘हा माझा प्रिय पुत्र’ हे वाक्य देवाने स्वतःलाच उद्देशून म्हटले, असा अर्थ होतो. याच मताच्या एका प्रचारकाविषयी टर्टुलियनने लिहिले, की याने पवित्र आत्म्याला पळवून लावले आणि पित्याला क्रुसावर चढवले.

विज्ञानाचा विद्यार्थी येथे म्हणेल, की 0.01 अंश सेल्सिअस तापमानाला आणि अतिशय कमी दाबाखाली बर्फ, पाणी आणि वाफ एकाच भांड्यात एकत्र नांदतात. म्हणणे खरे आहे. पण त्या भांड्यातला पाण्याचा एखादा कण घेतला, तर तो त्या क्षणी बर्फात असतो, पाण्यात असतो किंवा वाफेत असतो. भांड्यातल्या ऐवजाचे तीन वाटे झालेले असतात, आणि पित्याकडे देवपणाचा एक तृतीयांश वाटा आहे असे कोणत्याही चर्चने कधी शिकवलेले नाही. कवच, पांढरा बलक आणि पिवळा बलक मिळून अंडे, या उदाहरणाचीही गत तीच होते. एकच पुरुष कोणाचा बाप, कोणाचा भाऊ आणि कोणाचा मुलगा असतो, हा दाखला साबेलियसकडे परत नेतो. सूर्य आणि किरण ही जोडी स्वतः टर्टुलियनने वापरली आहे आणि ती तुलनेने बरी आहे, कारण किरण सूर्यापासून निघतो आणि किरणाविना सूर्य कधी नसतो; पण किरण म्हणजे संपूर्ण सूर्य नव्हे, आणि तेवढ्या फटीतून, पुत्र पित्याहून कमी आहे का, हा पुढचा मोठा वाद आत शिरतो.

मग दाखले द्यावेत की नाहीत? जरूर द्यावेत. मात्र दाखला कोठे मोडतो, तेही त्याच तासाला सांगावे.

प्रश्न : बायबलमध्ये ‘त्रैक्य’ हा शब्दच नाही. येशूला देव ठरवण्याचे काम सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन केले, असे वाचले. हे खरे आहे का?

प्रश्नाचा पूर्वार्ध खरा आहे. बायबलमध्ये हा शब्द नाही. ग्रीकमध्ये अंत्युखियाच्या थिओफिलसने सुमारे 180 मध्ये देवाच्या संदर्भात ‘त्रयी’ या अर्थाचा शब्द वापरलेला आढळतो आणि लॅटिन ‘त्रिनितास’ टर्टुलियनकडून रुळला. तिघांची एकता उघडपणे सांगणारे एक वाक्य योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जुन्या छापील आवृत्त्यांत दिसते. पण ते प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. बायबलचा ग्रीक पाठ छापणारा विद्वान इरॅस्मस याने आपल्या 1516 आणि 1519 च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, गदारोळ झाल्यावर 1522 मध्ये घेतले. आजचे संपादक ते मूळ पाठात धरत नाहीत. त्रैक्याच्या समर्थनार्थ कोणी ते वाक्य पुढे केले, तर त्याने वापरू नये असाच सल्ला मी देईन.

उत्तरार्ध मात्र चुकीचा आहे. सुरुवात फार आधी होते, आणि ती सिद्धान्ताने होत नाही, उपासनेने होते. ‘आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे’ ही ओळ रोज म्हणणाऱ्या यहुदी लोकांतूनच पहिले ख्रिस्ती आले होते. तरीही पौल या आद्य प्रचारकाने पन्नाशीच्या दशकात करिंथकरांना लिहिताना त्या ओळीच्याच साच्यात ‘एकच देव, पिता’ आणि ‘एकच प्रभू, येशू ख्रिस्त’ असे दोघांना एकत्र बसवले. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ बाप्तिस्मा द्या, अशी आज्ञा आहे. तेथे तीन षष्ठ्यंत शब्द आहेत, पण ‘नाव’ एकवचनी आहे, मूळ ग्रीकमध्येही. सुमारे 112 मध्ये बिथिनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राटाला कळवले, की हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला, जणू देवाला, उद्देशून स्तोत्र गातात. नायसिया हे शहर याच प्रांतात होते. परिषद भरायला अजून दोनशेहून अधिक वर्षे होती.

परिषदेपुढे आलेला प्रश्न, येशूला देव मानावे की नाही, असा नव्हताच. अलेक्झांड्रियातील आरियस हा धर्मगुरूही पुत्राची उपासना करत होता. त्याचे म्हणणे असे होते, की पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा आणि सर्वांत श्रेष्ठ असला, तरी तोही निर्माण केलेलाच आहे. ‘तो नव्हता, असे केव्हातरी होते.’ परिषदेने याला उत्तर म्हणून ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकसत्त्व, हा शब्द विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात, घातला आणि त्याच्या जोडीला ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ असे म्हटले. परंपरेने बिशपांची संख्या 318 सांगितली जाते, प्रत्यक्षदर्शी युसेबियस अडीचशेहून अधिक म्हणतो. आरियसबरोबर ठाम राहून शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोनच निघाले. कॉन्स्टंटाइनने परिषद बोलावली, खर्च केला आणि सही न करणाऱ्यांना हद्दपारही केले, हे खरे. दबाव नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

पण सम्राटाने लादले आणि सर्वांनी मानले, हे चित्र पुढच्या पन्नास वर्षांशी जुळत नाही. मृत्युशय्येवर, 337 मध्ये, कॉन्स्टंटाइनने ज्या बिशपाकडून बाप्तिस्मा घेतला, तो आरियसचा जुना पाठीराखा होता. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस उघडपणे नायसियाविरोधी गटाच्या बाजूचा झाला. नायसियाचा सर्वांत कट्टर समर्थक अथानासियस याला चार सम्राटांच्या कारकिर्दींत मिळून पाच वेळा अलेक्झांड्रिया सोडावी लागली. सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या बिशपपदातली जवळपास सतरा वर्षे त्याने हद्दपारीत काढली. ‘एकसत्त्व’ या शब्दात एक आयोटा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतले सर्वांत छोटे अक्षर, घातले की ‘सदृशसत्त्व’ असा शब्द होतो, आणि तडजोड म्हणून तो सुचवलाही गेला. एका अक्षरासाठी एवढे भांडण, अशी थट्टा नंतर पुष्कळ झाली आहे. पण ‘न’ हे एक अक्षर लागले की मराठी वाक्याचाही अर्थ उलटतो.

वाद केवळ बिशपांचा नव्हता. 383 च्या सुमाराचे, कॉन्स्टँटिनोपलमधील चित्र त्याच निस्साच्या ग्रेगरीने वैतागून रेखाटले आहे : सुटे पैसे मागावेत, तर पैसेवाला ‘जन्मलेला’ आणि ‘न जन्मलेला’ यांवर तत्त्वज्ञान सांगतो; पावाची किंमत विचारावी, तर ‘पिता थोर, पुत्र त्याहून कमी’ असे उत्तर येते; स्नानाचे पाणी तयार आहे का विचारावे, तर सेवक म्हणतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला. तोवर सम्राट थिओडोसियसने 380 मध्ये नायसियाचा पक्ष राजमान्य केला होता आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने विश्वासांगीकार पूर्ण केला होता. राजसत्ता अखेर या बाजूला आली. पण तिने हा विचार जन्माला घातला नाही, आणि मधली बरीच वर्षे ती त्याच्या विरोधातच होती.

प्रश्न : पुत्र म्हटले की पिता आधी आणि पुत्र नंतर, हे ओघाने आलेच. शिवाय येशू देव असेल, तर तो प्रार्थना कोणाला करत होता?

‘ओघाने आलेच’ हेच आरियसचे म्हणणे होते. त्यावर उत्तर असे दिले गेले, की पिता हे नाव मुळात नात्याचे आहे. मूल झाल्याशिवाय कोणी बाप होत नाही. देव जर अनादी काळापासून पिता असेल, तर पुत्रही अनादी काळापासून असला पाहिजे, अन्यथा देव मधेच केव्हातरी पिता झाला, त्याच्यात बदल झाला, असे म्हणावे लागेल. येथे जन्म म्हणजे शरीराचा जन्म नव्हे, त्यात माता नाही आणि काळही नाही. मूर्तिकार मूर्ती घडवतो ती दगडाची असते, स्वतःच्या जातीची नसते. जन्म देणारा मात्र स्वतःच्याच जातीचा जीव देतो. ‘पुत्र’ या रूपकातून चर्च एवढेच उचलते आणि बाकीचे सोडून देते.

प्रार्थनेविषयीची शंका उलट दिशेने पाहावी. येशू गेथशेमाने बागेत पित्याला ‘तू’ म्हणतो, म्हणूनच पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन नावे नाहीत, असे चर्चने ठरवले. ‘मी आणि पिता एक आहोत’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील वाक्य सावकाश वाचावे. ‘एक’ आहे आणि ‘आहोत’ हे क्रियापद अनेकवचनी आहे. ग्रीकमध्ये तर ‘एक’ नपुंसकलिंगी आहे, म्हणजे ‘एकच पुरुष’ असा अर्थ तेथे निघत नाही. टर्टुलियनने व्याकरणाचा हा मुद्दा तेव्हाच नेमका पकडला होता. राहिले ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे वाक्य. आरियसपंथीयांचे ते आवडते वचन. ऑगस्टीनसारख्यांनी ते येशूच्या मानवी अवस्थेला लावले. काही ग्रीक आचार्यांनी, पिता हा उगम आहे म्हणून थोर, सत्त्वाने नव्हे, असा अर्थ केला. मला दुसरा अर्थ वाक्याला अधिक जवळचा वाटतो.

प्रश्न : ब्रह्मा, विष्णू आणि महेश या त्रिमूर्तीसारखेच हे नाही का?

संख्या सारखी आहे, मांडणी नाही. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्यांची वाटणी आहे; त्रैक्यात वर म्हटल्याप्रमाणे वाटणीलाच नकार आहे, विश्वाची निर्मितीही तिघांचे एकच कार्य मानली जाते. सत्, चित् आणि आनंद यांच्याशी केलेली तुलना अधिक खोल आहे. बंगालचे ब्राह्म समाजी नेते केशवचंद्र सेन यांनी 1882 च्या व्याख्यानात ती मांडली आणि पुढे बंगाली ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी सच्चिदानंदाला वंदन करणारे संस्कृत स्तोत्रच रचले. तरी एक फरक उरतो : सत् हे चित्‌ला ‘तू’ म्हणत नाही.

प्रश्न : पवित्र आत्म्याचा उल्लेख नेहमी शेवटी आणि ओझरता येतो. त्याला खरोखरच समान मानतात का? आणि प्रार्थना नेमकी कोणाला करायची असते?

आपले निरीक्षण अचूक आहे. 325 च्या विश्वासांगीकारात ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढेच शब्द आहेत, पुढे काही नाही. पुत्राचा वाद मिटत असतानाच, आत्मा हा देवाचा सेवक आहे, देव नव्हे, असे म्हणणारे लोक पुढे आले. पश्चिमेकडील चर्चने पुढे 381 च्या विश्वासांगीकारातील आत्म्याविषयीच्या ‘पित्यापासून निघतो’ या वाक्यात ‘आणि पुत्रापासून’ अशी भर घातली, ती रोममध्ये 1014 पासून म्हटली जाऊ लागली, आणि पूर्वेकडील चर्चशी झालेल्या फुटीचे ते एक कारण ठरले. तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

प्रार्थनेची जुनी रीत अशी : पित्याला, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात. कैसरियाचा बिशप बेसिल उपासनेत हे शब्द वापरत असे, पण कधीकधी तो ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ असेही म्हणे. लोकांनी तक्रार केली, की हे नवीन आहे आणि दोन्ही एकदम खरे असू शकत नाही : आत्म्यात म्हटले तर आत्मा खालच्या पायरीवर, आत्म्यासह म्हटले तर बरोबरीला. बेसिलने सुमारे 375 मध्ये या शब्दयोगी अव्ययांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे, की ‘आत्म्यात’ हे आपण कोठे उभे राहून प्रार्थना करतो ते सांगते आणि ‘आत्म्यासह’ हे आत्मा कोठे आहे ते सांगते. दोन्ही शब्द हवेत. विशेष असे, की पवित्र आत्मा ‘देव आहे’ असे सरळ शब्दांत लिहिणे त्याने त्या ग्रंथात टाळले. 379 च्या प्रारंभी तो मरण पावला, त्यामुळे दोन वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेत तो नव्हता. तेथे पूर्ण झालेल्या विश्वासांगीकारानेही ‘देव आहे’ हे शब्द आत्म्यासाठी वापरले नाहीत. ‘पिता व पुत्र यांच्यासह ज्याची उपासना व गौरव केला जातो’ असे म्हटले, आणि आज रविवारी जेथे तो म्हटला जातो, तेथे ते ‘सह’ त्याच जागी आहे.